दोन्ही डावे

नव्या साहेबांनी बुटांचा जोड टेबलावर आपटला. दोन्ही बूट डावे होते.

"कोणाचं काम हे?"

अकरा यंत्रं थांबली आणि अकरा माना खाली गेल्या. सात नंबरचा कारागीर तर हातातला लाकडी साचा असा न्याहाळू लागला, जणू जन्मात पहिल्यांदाच बघतोय. घरात जुळी नातवंडं आल्यापासून बिचाऱ्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. भिंतीवरच्या फळ्यावर त्याच्यापुढे दोन लाल फुल्या होत्या. तिसरी पडली की गाशा गुंडाळायचा, असा साहेबांचा नियम होता.

"माझं," शिलाईवरची मावशी म्हणाली. कारखान्यात तिच्याइतकं जुनं कोणीच नव्हतं.

साहेबांनी बुटात हात घालून चिठ्ठी बाहेर काढली. "यावर सात नंबर आहे. तुम्ही कशाला दुसऱ्याचं अंगावर घेताय?"

"सवय हो," मावशीला हसू आलं. "तुमच्या आधीच्या, मोठ्या साहेबांच्या वेळची. असा जोड निघाला की ते स्वतःच पायात घालायचे. 'बघू, कुठे नेतात,' म्हणायचे आणि तसेच सगळीकडे फिरायचे. उजवा पाय वाकडा, तोंड हसरं. कोणी केलं म्हणून कधी विचारलं नाही."

"मग कळायचं कसं?"

"जेवणाच्या सुट्टीआधी ज्याचं तो जाऊन सांगायचा. कधी कधी तिघं जायचे, एकाच जोडासाठी भांडायचे. त्यांचं लंगडणं आम्हाला बघवायचं नाही, साहेब."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. त्या खोलीत कितीतरी महिन्यांनी कोणी हसलं होतं. मावशीचा ऊर भरून आला. काय दिवस होते ते! भोंगा झाला तरी लोक हातातला बूट पुरा करूनच उठायचे. आता भोंग्याआधी पाच मिनिटं सगळे डबे आवरून दाराकडे तोंड करून बसलेले असत. मावशीसुद्धा, आणि तिला त्याची लाज वाटायची.

साहेब लाल खडू घेऊन फळ्यापुढे उभे होते. माणूस वाईट नव्हता. एका महिन्यात चार कारागीर सोडून गेले होते आणि ते का गेले, हे त्यांना खरोखरच उमगत नव्हतं. खडू बोटांत फिरवत त्यांनी हळूच विचारलं, "आणि मी लंगडलो, तर?"

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. तिला खोटं बोलवेना.

"आधी फुलीचं काय ते ठरवा," ती म्हणाली. "मग सांगते."