खरा नको

स्पेनमधल्या सालामांकात गेल्या गेल्या वेदांगची उपासमार झाली. अर्थात आईला फोनवर "मस्त जेवलो" सांगितलेलं असल्यामुळे तसं काही झालंच नव्हतं.

स्पॅनिशचा सराव व्हावा म्हणून तो पिलारबाईंच्या घरी भाड्याने राहत होता. बाई बटाट्याच्या ऑम्लेटची बशी पुढे करायच्या. हा कऱ्हाडच्या वळणाप्रमाणे लाजून "नो, ग्रासियास" म्हणायचा आणि आग्रहाची वाट बघत बसायचा. बाई "बरं" म्हणून बशी उचलायच्या. त्यांच्याकडे नको म्हणजे नको.

शेवटी पोटानेच त्याच्याकडून स्पॅनिश वदवून घेतलं. "बाई, आमच्याकडे पहिला नको खोटा असतो. दुसराही. तुम्ही ऐकायचं नाही, सरळ वाढायचं."

"मग खरा कुठला?"

एवढं स्पॅनिश अजून त्याला येत नव्हतं.

बाईंना ही पद्धत भलतीच आवडली. रविवारी त्यांनी दोन्ही बहिणींनाही जेवायला बोलावलं. वेदांग गळ्याशी येईपर्यंत जेवला आणि मग त्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"नो!"

"हा खोटा," म्हणत बाईंनी बोटांच्या फटीतून वाढलं.

"नो, पोर फावोर!" तो गयावया करू लागला.

"हाही खोटा," धाकटी बहीण म्हणाली.

"अहो, मेलो!" तो मराठीत ओरडला.

"किती गोड लाजतो गं!" थोरलीने अख्खं भांडंच उचललं.

भरल्या ताटासमोर वेदांगने मनातल्या मनात अर्ज लिहिला: सबब, संबंधित खात्याने अर्जदाराचा यापुढील प्रत्येक नको खरा मानून वाढप तात्काळ थांबवण्याचे आदेश द्यावेत, ही नम्र विनंती.