प्रतीक्षेत

साहेबांच्या बायकोचा फोन आला तेव्हा मुकादम जेवायला उठत होता. नाव बघून तो पुन्हा खुर्चीत बसला.

"भाऊजी, यांचा एक रिपोर्ट अजून आला नाही," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर रोज विचारतात. हे म्हणतात, कुणाला सांगू नकोस, येईल आपोआप. पण मला राहवेना. तुम्ही जरा बघाल का?"

त्याने नमुन्याचा नंबर विचारून घेतला.

"उशीर झाला तर काही उपयोग नाही हो त्याचा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मुकादम हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शहरातल्या साऱ्या इस्पितळांच्या तपासण्यांची माहिती ज्या केंद्रात येई, तिथल्या यंत्रांच्या ताफ्याची, म्हणजे क्लस्टरची, देखरेख त्याच्याकडे होती. एकेका तपासणीचं गणित आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या डब्यात, बंद होऊन येई. कुणाला कुठल्या यंत्रावर जागा द्यायची आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हे त्याच्या हातात. मजूर कामाला जुंपावेत तसं. कुणा थट्टेखोराने मुकादम म्हटलं आणि तेच चिकटलं. पडद्यावर माणसं दिसत नसत, नुसते नंबर दिसत. नंबर कुणाचा आणि तपासणी कशाची, हे डॉक्टरांनाच ठाऊक.

म्हणून तर इतकी वर्षं तो हात चोळत बसला होता. आज नंबर आपल्या पायांनी चालत आला.

त्याची बायको मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेली, असं लोक म्हणत. तो तसं म्हणत नसे. तिच्या रक्ताचं काम याच ताफ्यावर चालू होतं. संचालकांना सभेसाठी वर्षभराचे आकडे हवे होते, म्हणून साहेबांनी त्या कामाला सगळ्यांच्या वरचं प्राधान्य दिलं. वरचं काम आलं की खालचं उचलून बाहेर टाकलं जातं. बायकोचं काम बाहेर पडलं. रिपोर्ट आला खरा, पण उपचार करायला माणूस उरलं नव्हतं.

चौकशीत साहेब मान खाली घालूनच म्हणाले, यंत्रणेत दोष नव्हता. पुढे त्यांनी ताफ्याचा सगळा ताबा मुकादमाकडे देऊन टाकला आणि पुन्हा कशाला हात लावला नाही. मुकादमाने ब्र काढला नाही. घरात लहान लेक होती, नोकरीवर लाथ मारून जाणार कुठे? तोंडात साखर आणि पोटात निखारा ठेवून तो कामावर येत राहिला.

लेक मोठी झाली ती आईचंच दुखणं घेऊन. दिवसाआड तिला रक्त शुद्ध करायला इस्पितळात न्यावं लागे. साहेब त्या दिवशी त्याला लवकर सोडत, आवर्जून तिची चौकशी करत. त्याला ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटे.

अलीकडे साहेबच खंगल्यासारखे दिसत होते. वजन उतरलेलं, दंडावर सुयांचे डाग, वरचेवर रजा. कुणी म्हणे यकृत, कुणी म्हणे त्याहून वाईट. विचारलं की ते विषय बदलत.

मुकादमाने नंबर शोधला. काम रांगेच्या तोंडाशीच होतं. मारून टाकलं असतं तर बोभाटा झाला असता, कारण पडलेल्या कामाची सूचना सगळ्यांना जाते. थांबलेल्या कामाकडे कोण बघतं? त्याने कामाला एक अट जोडली. अमुक जातीच्या यंत्रावरच ते चालावं, आणि त्या जातीचं यंत्र ताफ्यात नव्हतंच. कामापुढे शब्द उमटला, 'प्रतीक्षेत'. ना चूक, ना लाल खूण. मग तो जेवायला गेला. कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडाला चव आली होती.

वहिनींचा पुन्हा फोन आला. काम रांगेत आहे, असं त्याने सांगितलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मग एका दुपारी साहेब स्वतःच त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"लेक कशी आहे?"

"तशीच. तुमची तब्येत?"

"माझं काय. एक रिपोर्ट तेवढा आला की सुटलो."

"येईल की साहेब. घाई कशाला?"

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झटकून टाकावासा वाटला, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, म्हणून त्याने ठेवू दिला. ते गेल्यावर त्याने पडदा पाहिला. काम जागच्या जागी होतं. तुमच्या घरीही कळू दे, वाट बघणं म्हणजे काय असतं, तो मनाशी म्हणाला.

त्यानंतर काही दिवसांतच लेकीला ताप भरला. आधी साधा वाटला, मग ती बरळू लागली. इस्पितळात नेल्यावर तिला थेट आत घेतलं आणि त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. डॉक्टर शेजारी येऊन बसले की काय समजायचं, हे त्याला एकदा कळलं होतं.

"जंतू रक्तात पसरलेत," त्या म्हणाल्या. "आता शस्त्रक्रिया तिला झेपणार नाही. मागच्या आठवड्यात झाली असती, तर गोष्ट वेगळी होती."

"कसली शस्त्रक्रिया? मूत्रपिंड मिळालंच कुठे होतं?"

त्यांनी हातातली फाइल मिटली.

"मिळालं होतं. तुम्हाला आधी कळलं तर तुम्ही घेणार नाही, म्हणून शेवटपर्यंत सांगू नका, असं देणाऱ्याचं म्हणणं. आता लपवून काय करू? तुमचे साहेबच द्यायला तयार झाले होते, त्यासाठी वजनसुद्धा उतरवलं त्यांनी. सगळं जुळत आलं होतं हो, शेवटचा एक रिपोर्ट तेवढा आला नाही."