काचेची केबिन

जिक्रा काही बोलणार, तोच काचेपलीकडून तिच्या अब्बूंनी अंगठा वर करून दाखवला. पोरगी हसली. "काहीच नाही मॅडम," ती म्हणाली, "हवा खायला बसले होते."

काल संध्याकाळी ती क्लासच्या वसतिगृहाच्या गच्चीवर, कठड्यापलीकडे पाय सोडून बसलेली सापडली होती. तिच्या अब्बूंना, भोकरला गाद्या शिवणाऱ्या वाजिदभाईंना, क्लासनं एवढंच कळवलं, की पोरीला घरची आठवण येतेय, भेटून जा. ते आले, भेटले आणि आता दुपारच्या गाडीनं परत निघणार होते. खरं काय ते पोरीच्या तोंडूनच यायला हवं होतं, आणि तेही आत्ताच.

पुनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लातूरच्या या क्लासनं तिला समुपदेशक म्हणून नेमलं आणि बसवलं कुठे, तर प्रवेशाच्या काउंटरसमोर, काचेच्या केबिनमध्ये. मिठाईच्या कपाटात वाकून बघावं तशी रांगेतली माणसं आतल्या लेकरांकडे बघत. अशा जागी कोण रडेल? पुनम आल्यापासून एकही पोर रडलं नव्हतं, आणि मालक ते अभिमानानं सांगत सुटले होते.

ती तरातरा बाहेर आली. क्लासचे मालक शिवमूर्ती सर नव्या पालकांना माहिती देत उभे होते.

"सर, त्या काचेला पडदा लावून द्या. आज, आत्ता."

"मॅडम, काच लावली कशाला? पालकायला दिसलं पाहिजे की, आपल्याकडं सायकॉलॉजीच्या मॅडम हायत म्हणून."

"मी तुरुंगात काम केलंय. कैदी बोलायला लागला की शिपाई पाठ फिरवून उभा राहायचा. सरकारी दवाखान्यात जिन्याखाली बसवलं होतं, पण तिथंही जुन्या चादरीचा का होईना, आडोसा होता."

"मग तिथंच ऱ्हायचं होतं. माझ्या साडूच्या कंपनीत बी सायकॉलॉजीवाली बाई हाय. माणसं पारखून देती, बस्स. तिनं न्हाई कधी पडदा मागितला."

"तिचं काम पारखायचं, सर. माझं ऐकायचं."

"ऐका की! कोण नको म्हणून राहिलंय? फक्त दिसंल असं ऐका."

पालक हसले. त्यांच्याकडे बघून वाजिदभाईही कसनुसं हसले.

काउंटरवर यंदाच्या निकालाचा नवाकोरा फ्लेक्स गुंडाळी करून पडला होता. पुनमनं तो उचलला, फडकन उलगडला आणि चिकटपट्टीनं केबिनच्या काचेवर बाहेरून चिकटवून टाकला. गुणवंतांचे हसरे चेहरे रांगेकडे बघू लागले.

"अहो मॅडम, ते वर गेटावर लावायचंय!"

"पालकांना दिसतंय ना?" तिनं आत जाऊन दार लावून घेतलं.

सर ओढून काढायला पुढे झाले. पण तोवर पालकांनी मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली होती. चार लोकांदेखत आपल्याच निकालाला हात कसा घालणार? ते नुसते दातओठ खात उभे राहिले.

थोड्या वेळानं आतून हुंदका आला. मग दुसरा, दाबून न ठेवलेला. मग पोरगी अशी रडू लागली, की रांग चपापली. शिवमूर्ती सरांनी घाईघाईनं भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज वाढवला. त्यात त्यांचंच भाषण चालू होतं.

वाजिदभाई खुर्चीतून उठले. ते काचेजवळ गेले आणि त्या हसऱ्या चेहऱ्यांना कान लावून उभे राहिले.