पसंत पडलेला राक्षस

"नाक अजून रुंद कर," आनंदराव म्हणाले.

कवडूने पुन्हा नाक खोडलं. सदर भागातल्या त्या छापखान्यात सकाळपासून हेच चाललं होतं. मालक आनंदरावांच्या पुतण्याने अमेरिकेहून एक खेळ आणला होता. फासे टाकायचे, राक्षस मारायचे, किल्ला घ्यायचा. खोक्यावर काळपट हिरव्या कातडीची, सुळे बाहेर आलेली झुंड होती. तसाच खेळ आनंदरावांना इथल्या पोरांसाठी छापायचा होता.

"हे कोण आहेत जी?" कवडूने विचारलं होतं.

"ऑर्क म्हणतात त्यायले. तिकडच्या जुन्या कथांतले राक्षस."

"काय करतात?"

"काही नाही. मरतात."

पुराण तिकडचं असो की इकडचं, राक्षसाचं नाक रुंदच. रंग काळाच. त्यांना मारणारा राजपुत्र गोरा, याची तर चर्चाही झाली नाही. कवडूने तो एका बैठकीत काढून दिला. अर्धं आयुष्य त्याने कॅलेंडरांवर गोरे देवच काढले होते, तेही रोजंदारीवर. आता चाळिशी उलटली होती. मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. राक्षस पसंत पडला तर नोकरी पक्की, असा शब्द आनंदरावांनी दिला होता.

"जबडा पुढे काढ. कपाळ दाब. अन् डोळे थकेल काहून दिसून राहिले बे? माणूस वाटून राहिला तो. लाल कर."

कवडू खोडत गेला, काढत गेला. आश्चर्य म्हणजे, जितकं सांगितलं तितकं हाताला सोपं होत गेलं. शेवटी तर तो कागदाकडे नीट पाहतही नव्हता. हात आपसूक चालत होता.

आनंदरावांनी चित्र लांब धरलं. "वा! पाहिल्याबरोबर मारावंसं वाटते. जमलं गड्या. उद्या छपाईले टाकतो. तू पक्का झाला समज."

छपाईआधी नमुन्यासाठी काढलेलं त्या राक्षसाचं कार्ड घेऊन कवडू इंदोऱ्यातल्या घरी आला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्या बाजूला नवऱ्याचा फोटो लावायची आईची इच्छा राहूनच गेली होती. खापरखेड्याच्या खाणीत कोळसा उपसता उपसता मेलेल्या माणसाचा फोटो कोण काढतो?

"माय, नोकरी पक्की झाली," कवडू म्हणाला. कार्ड आधी बायकोने, सुभद्राने, ओढून घेतलं.

"माय वं! पाहूनच भेव वाटते!" ती हसली आणि तिने ते सासूच्या हाती दिलं.

रुखमाबाईने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. मग ते अलगद मांडीवर ठेवून तिने दोन्ही हातांनी डोक्यावर पदर ओढून घेतला, नवरा कामावरून दारात आला की घ्यायची, तसा.