पाट्याला टाकी

अंबत्तूरच्या त्यांच्या बिल्डिंगखाली पाट्याला टाकी लावणारं म्हातारं जोडपं आलं, तसा ऋजुताने हौसेने घेतलेला दगडी पाटा संजीवला खाली आणायला लावला. म्हाताऱ्याने छिन्नी धरली आणि ऋजुता मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्याला शिकवू लागली, घाव बारीक हवेत, ओळी सरळ हव्यात.

म्हातारी नवऱ्याला त्यांच्या धंद्यातल्या बोलीत, गिऱ्हाईकाला कळू नये म्हणूनच असते त्या बोलीत म्हणाली, "हिनं जन्मात एक मिरची तरी वाटलीय का, विचार."

संजीवला फसकन हसू आलं. हीच बोली बोलत त्याचा बाप गावोगावच्या पाट्यांना टाकी लावत हिंडला होता. लग्न ठरवताना मात्र त्याने ऋजुताला सांगितलं होतं, वडील शाळामास्तर होते.

"हसायला काय झालं?" ऋजुताने विचारलं.

"काही नाही गं, ऑफिसचा मेसेज."

फोन वर घरात चार्जिंगला होता.

म्हातारीने एकदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मान खाली घालून, दगडाची भुकटी पदराने झटकत, त्याच बोलीत हळूच म्हणाली,



"हसू नको, लेकरा. बायकोला कळेल."