तर तर

"हर्षाली, 'तर' दोनदा झालं," म्हणत लातूरहून आलेल्या नव्या बाईंनी वहीतला एक 'तर' लाल पेनानं खोडला. खाडीतल्या बेटावरच्या शाळेत जर-तरची वाक्यं चालली होती.

वाक्य होतं: 'जर बाई जाणार असतील, तर तर बांधून ठेवावी.'

"बाई, पहिला तर पुस्तकातला," हर्षाली म्हणाली. "दुसरी तर आमची. तुम्ही आलात ती होडी. आधीच्या बाई गेल्या तीपण."

बाई गोंधळल्या. वाक्य पुन्हा वाचून आणखीच गोंधळल्या. बदलीचा अर्ज त्यांनी कुणालाच दाखवला नव्हता. तो पर्समध्ये होता, चारच्या तरीनं जायचा होता.

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"बाई, सांगा ना," हर्षाली म्हणाली. "चूक की बरोबर?"