तळहातावरचा गूळ

चुलीत विळ्याचं टोक तापत होतं. डोक्यावरची घागर सावरत रतन उंबऱ्यातच थांबली.

सात वर्षांत या घरात विळा चुलीजवळ आला नव्हता. तिची आई, बनाबाई, तो गोठ्यात खोचून ठेवायची. रतन पाच वर्षांची असताना तिचं पोट फुगलं, तेव्हा बापानं, गेनबानं, तळहातावर गूळ धरून ‘ये बाळ’ म्हणून हाक मारली होती. ती हसत धावली होती. त्यानं तिला मांडीत आवळून धरलं आणि डाग देणाऱ्या कोंडिबानं तोच विळा तीनदा पोटाला टेकवला.

ती जगली. पण बापाच्या हातून तिनं पुन्हा काही घेतलं नाही. नसरापूरच्या बाजारातून आणलेल्या बांगड्या, चुरमुरे, गेनबा सगळं जात्यावर ठेवायचा आणि अंगणात जायचा. मग ती उचलायची. पाहुणे हसायचे, “गेनबा, लेकीला निवद दावतूस का रं?” बनाबाई म्हणायची, “आमच्यात रीतच हाय तशी.”

आज कोंडिबा चुलीपाशी हाताला फडकं गुंडाळत होता. बनाबाईच्या मांडीवर रतनची तीन वर्षांची धाकटी बहीण साळू होती. तिचं पोट फुगलेलं.

“आये, म्हून मला वरच्या झऱ्यावर धाडलंस?”

बनाबाईनं साळूच्या पोटावर पदर ओढला. रतन बापाकडे वळली.

“आबा, पुन्यांदा करनार न्हाई म्हनला व्हता. जात्यावर हात ठिवून.”

“तू जगलीस ती त्यानंच,” गेनबा म्हणाला.

“भोरला दवाखाना हाय.”

“दीड दिसाची वाट हाय, पोरी.”

तो उकिडवा बसला. तळहात पुढे केला. “ये साळू, ये बाळ.” आवाजही तोच. साळू मांडीवरून उतरली आणि हसत निघाली.

रतननं घागर खाली टेकवली. दोन ढांगांत पुढे जाऊन बापाच्या तळहातावरचा गूळ उचलला आणि तोंडात टाकला.

गेनबाचा हात तसाच पसरलेला राहिला.

“अरं, आनिक आसंल की घरात,” कोंडिबा म्हणाला.

गेनबा उठला. डब्यातून दुसरा खडा काढला, साळूकडे पाहिलं आणि खडा जात्यावर ठेवला. खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकून तो अंगणात गेला आणि भोरच्या वाटेकडे तोंड करून उभा राहिला.

साळूनं जात्याकडे हात केला. रतननं तिला कडेवर उचललं आणि ती बापाच्या मागून निघाली.

गूळ जात्यावरच राहिला.